कुलुपांतील चित्र : केबलवरील वाहिन्या कशा लपविल्या जात?



नळाचें पाणी आणि विजेचा प्रवाह आपल्या घरीं येतात, ते मोजून येतात. ज्याची पाणीपट्टी थकली त्याचा नळ बंद करितां येतो. ज्याचें विजेचें बिल थकलें त्याची तार सोडवितां येते. दूरचित्रवाणीच्या केबलचा प्रकार मात्र निराळा आहे. तेथें एकाच तारेंतून शेंकडों वाहिन्या एकदम वाहत येतात, आणि ती तार आळींतील प्रत्येक घराला सारखीच लावलेली असते. शेजाऱ्यानें पाहिलें म्हणून आपल्या वांट्याचें चित्र कमी होत नाहीं, व आपण पाहिलें नाहीं म्हणून तें परत फिरत नाहीं. मग एका घरास क्रिकेटचा सामना दिसावा आणि भिंतीपलीकडच्या घरास त्याच तारेंतून तो दिसूं नये, हें कसें साधतें? तार तोडावी तर बाकीच्या सर्व वाहिन्याही बंद पडतात.

या प्रश्नाचें उत्तर असें कीं, चित्र सर्वांच्या घरीं पाठवावयाचें, परंतु तें बिघडवून पाठवावयाचें; आणि ज्यानें पैसे भरले असतील त्याच्याच घरीं तें पुन्हां नीट करणारी एक पेटी ठेवावयाची. या बिघडविण्याच्या विद्येस इंग्रजींतून आलेला ‘स्क्रॅम्बलिंग’ हा शब्द रूढ झाला आहे. ही विद्या प्रथम जुन्या ॲनालॉग, म्हणजे अनुरूप, पद्धतीच्या चित्रासाठीं निघाली. ती समजून घेतल्यास आज आपल्या घरांतील पेटी काय करते हें तर कळेलच. शिवाय लपविणें आणि कुलूप लावणें या दोन गोष्टींत किती अंतर आहे हेंही ध्यानांत येईल.

प्रथम आपल्या भागांतील दूरचित्रवाणीचा इतिहास थोडक्यांत पाहूं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्याचा उंच मनोरा वरळीस आहे. पुढच्याच वर्षीं पुण्याच्या लोकांकरितां सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभें राहिलें. त्या काळीं ज्यांना चित्र पाहावयाचें असे ते कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना चढवीत व त्याचें तोंड मनोऱ्याच्या दिशेस वळवीत. वाऱ्यानें तो फिरला कीं पडद्यावर मुंग्या येत, आणि घरांतील एकास वर चढून ‘आलें का?’ म्हणून ओरडावें लागे. हें प्रक्षेपण सर्वांस मोकळें होतें. त्यास कुलूप नव्हतें आणि त्याची गरजही नव्हती.

१९९१ सालच्या प्रारंभीं आखाती युद्ध झालें. त्याच्या बातम्या परदेशी उपग्रहावरून थेट दिसूं लागल्या, आणि त्यानंतर उपग्रहवाहिन्यांची रीघ लागली. ‘झी टीव्ही’ ही हिंदी वाहिनी २ ऑक्टोबर १९९२ रोजीं निघाली. उपग्रहाकडील लहरी झेलण्यास मोठी छत्री लागे, व ती प्रत्येकास परवडणारी नव्हती. म्हणून गल्लोगल्लीं केबलवाले पुढें आले. एका छपरावर छत्र्या, खालीं एका खोलींत यंत्रें, आणि तेथून झाडांवरून, खांबांवरून व गच्च्यांवरून घरोघर गेलेली काळी तार, असें त्यांचें स्वरूप असे. त्या खोलीस सर्वत्र ‘कंट्रोल रूम’ असें नांव पडलें. हें नांव पुढें पुन्हां लागणार आहे, तें लक्षांत ठेवावें.

आतां चित्र तारेंतून कसें जातें तें पाहूं. शाळेंतील श्रुतलेखनाचा तास डोळ्यांपुढें आणा. गुरुजी पुस्तक पाहून एक एक शब्द उच्चारतात, मुलें तो तो शब्द वहींत लिहितात. ओळ संपली कीं गुरुजी मोठ्यानें म्हणतात, ‘नवी ओळ’. मग सर्व मुलें समासाच्या तांबड्या रेघेपाशीं येऊन पुढची ओळ सुरू करतात. पान संपलें कीं ‘नवें पान’ अशी आज्ञा होते. दूरचित्रवाणी हें असेंच एक अतिशय वेगवान श्रुतलेखन होय. कॅमेरा चित्राच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक ओळ वाचतो, आणि प्रत्येक बिंदू किती उजळ आहे तें विजेच्या कमीजास्त जोरानें सांगतो. आपला संच तें ऐकून पडद्यावर तशीच ओळ उमटवितो.

भारतांत जी ‘पाल’ पद्धत स्वीकारली गेली तींत एका संपूर्ण चित्राच्या ६२५ ओळी असतात, व अशीं २५ चित्रें दर सेकंदास पाठविलीं जातात. म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी झाल्या. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतील अवघे ६४ भाग एका ओळीच्या वांट्यास येतात. त्या ६४ पैकीं ५२ भाग प्रत्यक्ष चित्रासाठीं असतात, आणि उरलेले १२ ओळ संपवून परत डावीकडे येण्यासाठीं. या मोकळ्या अवधींतच संचाला ‘नवी ओळ’ ही आज्ञा मिळते. त्या आज्ञेस आपण ‘तालठोका’ म्हणूं. ती जेमतेम ४.७ भाग टिकते. परंतु सगळें चित्र तिच्यावर उभें असतें.

संचाला हा ठोका कसा ओळखूं येतो? युक्ति साधी आहे. केबलवरील लहर चित्राच्या उजळपणाप्रमाणें लहानमोठी होते, पण उलट्या क्रमानें. अगदीं पांढऱ्या बिंदूच्या वेळीं तिचा जोर सर्वांत कमी, म्हणजे शंभरांत सुमारें १० असतो. काळ्या बिंदूस तो सुमारें ७५ पर्यंत चढतो. आणि तालठोक्याच्या क्षणीं पुरा १०० होतो. याचा अर्थ, चित्रांतील कोणताही बिंदू ठोक्याइतका जोरदार असूं शकत नाहीं. गुरुजी बाकीचे शब्द साध्या आवाजांत सांगतात आणि ‘नवी ओळ’ एवढेंच ओरडून म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. संचाला फक्त सर्वांत मोठा आवाज ओळखावयाचा असतो. ठोक्याच्या पाठोपाठ रंगांसाठीं एक बारीक कंपनांची खूण येते. रंग जुळवावयाचे ते तिच्या आधारानें. चित्राचा आवाज मात्र निराळ्या लहरीवर, ५.५ मेगाहर्ट्झ वर, स्वतंत्रपणें चाललेला असतो.

एवढें समजलें कीं चित्र कसें बिघडवावें हें चतुर विद्यार्थ्यास आपोआप सुचेल. परंतु आरंभींच्या लोकांनीं त्याहूनही साधा मार्ग धरिला. ज्या घरानें जादा पैसे भरले नसतील त्या घराच्या तारेवर, बाहेर खांबावरच, बोटाएवढी एक नळकांडी बसवीत. ती एका ठराविक वाहिनीच्या लहरी गिळून टाकी आणि इतर लहरी पुढें सोडी. याच्या उलट दुसरी रीत अशी होती कीं, कंट्रोल रूममधूनच चित्र आणि आवाज यांच्या मधल्या जागेंत एक त्रासदायक लहर मिसळून द्यावयाची, म्हणजे सर्वांच्याच पडद्यावर जाळी उमटे. आणि पैसे भरणाऱ्याच्या घरीं ती लहर तेवढी गिळणारी नळकांडी लावावयाची. पहिल्या रीतींत न भरणाऱ्यांस नळकांडी लागे, दुसरींत भरणाऱ्यांस. जेथें भरणारे थोडे तेथें दुसरी रीत स्वस्त पडे. दोन्ही रीतींत दोष एकच : वाहिनी चालू वा बंद करावयाची म्हणजे दर वेळीं माणसास शिडी घेऊन जावें लागे. शिवाय अशी नळकांडी बनविणें किंवा काढून टाकणें फारसें अवघड नव्हतें.

पैसे भरून चित्र पाहण्याची कल्पना मात्र केबलच्या प्रसाराहूनही जुनी आहे. अमेरिकेंत शिकागो शहरीं १९५१ च्या जानेवारींत झेनिथ कंपनीनें ३०० कुटुंबांवर ९० दिवसांचा एक प्रयोग केला. त्याचें नांव ‘फोनव्हिजन’. कंपनी चित्रपट हवेंतूनच प्रक्षेपित करी, परंतु चित्र डावीउजवीकडे थडथडत राही. तें स्थिर करणारी खूण टेलिफोनच्या तारेनें येई. ज्याला चित्रपट पाहावयाचा असेल त्यानें टेलिफोनवर तसें सांगावें, म्हणजे त्याच्या तारेवर खूण सोडली जाई व एक डॉलर त्याच्या नांवें लागे. माल एका वाटेनें आणि किल्ली दुसऱ्या वाटेनें, हें या विद्येचें मूळ सूत्र तेव्हांच प्रकट झालें.

केबलवर सर्वांत अधिक रूढ झालेली रीत म्हणजे तालठोका दाबून टाकणें. कंट्रोल रूममधील यंत्र प्रत्येक ओळीच्या शेवटीं, त्या १२ भागांच्या मोकळ्या अवधींत, लहरीचा जोर एकदम निम्म्यावर आणी. म्हणजे जो ठोका १०० असावयाचा तो ५० उरे. इकडे चित्रांतील काळा भाग ७५ वर तसाच राही. आतां संच सर्वांत मोठा आवाज शोधूं लागला कीं त्याला ठोका सांपडत नसे. कोणाचे काळे केस, कोणाचा काळा डगला, खिडकीची काळी चौकट यांनाच तो ‘नवी ओळ’ समजे. श्रुतलेखनांत गुरुजींनीं आज्ञा कुजबुजून द्यावी आणि मधलाच एखादा शब्द ओरडून म्हणावा, तर मुलांच्या वह्यांची जी दशा होईल तीच पडद्याची होत असे. ओळी वाटेल तेथें सुरू होत. चित्र तिरपें होऊन फाटे, वाहूं लागे, मध्येंच एक काळा उभा पट्टा लटके. ठोक्याबरोबर रंगांची खूणही दबलेली असल्यामुळें माणसांचीं तोंडें हिरवीं-जांभळीं दिसत. आवाज मात्र बहुधा स्पष्ट ऐकूं येई, कारण तो निराळ्या लहरीवर होता व त्यास कोणी हात लाविलेला नसे.

मग पैसे भरणाऱ्याच्या पेटीस ठोका कोठें आहे हें कसें कळे? येथें एक मोठी सुंदर योजना होती. आवाजाची लहर आपला मजकूर कंपनांची संख्या कमीजास्त करून वाहून नेते. तिचा जोर कमीजास्त झाला तरी ऐकणाऱ्या संचाला त्याचें कांहीं वाटत नाहीं. म्हणून त्या न वापरलेल्या जोरावरच ‘आतां ठोका, आतां ठोका’ अशी खूण चढवून पाठवीत. साधा संच तिच्याकडे दुर्लक्ष करी; पेटी मात्र ती वाची आणि नेमक्या त्या क्षणीं लहर दुप्पट करून ठोक्यास पूर्वस्थितीवर आणी. आवाज हा चित्राच्या किल्लीचा गुप्त वाहक होता, असें म्हटलें तरी चालेल.

दुसरी रीत म्हणजे चित्राचा उजेड उलटा करणें. पांढऱ्याच्या जागीं काळें आणि काळ्याच्या जागीं पांढरें; छायाचित्राच्या जुन्या काचेवर किंवा फिल्मवर जसें उलटें चित्र दिसे तसें. नुसतें उलटें केल्यास तें पुन्हां सुलटें करणें सोपें. म्हणून कांहीं यंत्रें केव्हां सुलटें, केव्हां उलटें, अशी अदलाबदल करीत, आणि सध्यां कोणतें चालू आहे ती खूण चित्राच्या वरच्या न दिसणाऱ्या ओळींत लिहून ठेवीत. ६२५ ओळींपैकीं सुमारें ५० ओळी ‘नवें पान’ या आज्ञेच्या वेळीं रिकाम्या जातात. त्यांचा उपयोग असा निरोप पाठविण्याकडे होई. आवाज लपवावयाचा झाल्यास त्याचीही उलथापालथ करीत, म्हणजे बारीक स्वर जाड आणि जाड स्वर बारीक होत, व बोलणें निव्वळ चिवचिवाट वाटे.

युरोपांत याहून खोल विचार झाला. फ्रान्सची ‘कॅनाल प्लुस’ ही वाहिनी ४ नोव्हेंबर १९८४ रोजीं सुरू झाली. ती आपल्या चित्राच्या ओळी तीन निरनिराळ्या अंतरांनीं उजवीकडे सरकवी : कांहीं मुळींच नाहीं, कांहीं थोड्या, कांहीं त्याच्या दुप्पट. त्यामुळें सरळ उभी कड करवतीसारखी दिसे. पुढें १९९० च्या सुमारास ब्रिटनमधील स्काय कंपनीनें ‘व्हिडिओक्रिप्ट’ नांवाची रीत आणली. तींत प्रत्येक ओळ २५६ पैकीं एका ठिकाणीं कापावयाची आणि दुसरा तुकडा आधीं, पहिला मागून, असा पाठवावयाचा. कापण्याचें ठिकाण दर ओळीस बदलतें. ‘नाग्राव्हिजन’ ह्या दुसऱ्या पद्धतींत ओळी कापीत नसत. पत्ते पिसावे तसा त्यांचा क्रमच बदलीत. अशा चित्रांस सुधारावयाचें तर पेटीस अख्ख्या ओळी क्षणभर स्मरणांत ठेवाव्या लागत, आणि कोणती ओळ कोठें कापली हें ठरविणारी किल्ली एका लहानशा पत्र्यांत, म्हणजे ‘स्मार्ट कार्डां’त, असे.

आतां या सर्व युक्त्यांची योग्यता काय, याचा विचार करूं. तुम्हां मुलांची ‘च’ची भाषा सर्वांस ठाऊक आहे. शब्दाचें पहिलें अक्षर शेवटीं न्यावयाचें आणि त्याच्या जागीं ‘च’ घालावयाचा. म्हणजे ‘घर’ याचें ‘चरघ’ होतें आणि ‘कमळ’ याचें ‘चमळक’. नव्या मुलास पहिले चार दिवस कांहीं कळत नाहीं. पांचव्या दिवशीं तो तुमच्याहून भराभर बोलूं लागतो. या भाषेंत गुपित काय तें एकच, तिचा नियम. नियम फुटला कीं सगळेंच फुटलें, आणि मग तो कितीही जणांस कळला तरी तुम्हांस बदलतां येत नाहीं. ठोका दाबणें व चित्र उलटें करणें या युक्त्या याच जातीच्या होत्या. चित्र जसेंच्या तसें तारेंत हजर असे. फक्त त्याचा समास पुसलेला असे. जाणत्या कारागिरास तो समास पुन्हां आंखणें जड जात नसे.

याविषयीं ऑग्युस्त केर्कहोफ्स या भाषापंडितानें १८८३ सालींच एक तत्त्व सांगून ठेविलें आहे. त्याचा आशय असा कीं, गुप्तलेखनाची सारी रीत शत्रूच्या हातीं पडली तरी नुकसान होऊं नये. गुप्त ठेवावयाची ती फक्त किल्ली. आपल्या दाराच्या कुलपाची रचना कुलूप बनविणाऱ्या प्रत्येक कारखान्यास माहीत असते, तरी आपलें घर सुरक्षित राहतें. कारण रचना सर्वांची एक, पण किल्ली ज्याची त्याची. व्हिडिओक्रिप्टमध्यें आणि नाग्राव्हिजनमध्यें किल्ली बदलती होती, तरीही एक उणीव उरली. चित्राच्या शेजारशेजारच्या दोन ओळी जवळजवळ सारख्या असतात. फाडलेल्या चित्राचे तुकडे कडा जुळवून बसवितां येतात, त्याप्रमाणें पुरेसा वेगवान संगणक ओळीस ओळ ताडून पाहून मूळ क्रम हुडकूं शकतो. आणि १९९० नंतरच्या दशकांत संगणक स्वस्त होतांच तसें घडलेंही. ॲनालॉग चित्राची ही जन्मजात अडचण होती. तें फार मोडावें तर पुन्हां जोडतांना डाग पडतात, आणि थोडें मोडावें तर कोणीही जोडतो.

अमेरिकेंतील ‘एचबीओ’ या वाहिनीनें १५ जानेवारी १९८६ पासून उपग्रहावरचें आपलें प्रक्षेपण ‘व्हिडिओसायफर’ पद्धतीनें बंदिस्त केलें, तेव्हां तिच्या रचनाकारांनीं हें ओळखून एक शहाणपणा केला. चित्राचा त्यांनीं केवळ ठोका काढला आणि उजेड उलटा केला. परंतु आवाजाचे आंकडे करून त्यांस खरें गणिती कुलूप लाविलें. त्यांचा हिशेब असा होता कीं, चित्र कोणी कसेंबसें मिळविलें तरी आवाजावांचून नाटक कोण पाहणार? आंकड्यांस लाविलेलें कुलूप हेंच पुढील काळाचें कुलूप ठरलें.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. येथें एक चमत्कारिक स्थिति होती. उपग्रहावरील पैशाच्या वाहिन्या, ज्यांना लोक ‘पे चॅनल’ म्हणतात, त्या बंदिस्त होऊनच येत. परंतु त्यांचें कुलूप उघडणारी डेकोडरची पेटी आणि तिचें कार्ड असे तें केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्यें. तेथें एकदां कुलूप उघडलें कीं पुढें तारेंतून घरोघर जाणारें चित्र बहुतेक ठिकाणीं अगदीं मोकळें असे. अमेरिकेंत जें कुलूप घरच्या संचाजवळ होतें तें आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशीं होतें. कोन, पळस्पें, पनवेल या बाजूस ज्यांनीं २००० च्या आगेमागें केबल पाहिली आहे त्या पालकांस आठवत असेल कीं, तार थेट संचाच्या पाठीस लागे. मध्यें पेटी म्हणून नसे.

कुलूप कोठें लावावें हा नुसता यंत्राचा प्रश्न नव्हे; विश्वास कोणावर ठेवावयाचा हा प्रश्न त्यांत दडलेला असतो. कुलूप कंट्रोल रूममध्यें असल्यामुळें तारेच्या टोकाशीं किती घरें आहेत हें सांगणारा केवळ केबलवालाच असे. वाहिन्यांचे मालक त्याच्याकडून घरटीं पैसे मागत, आणि त्यांची नेहमीं तक्रार असे कीं तो शंभर घरें जोडून थोडींच दाखवितो. केबलवाला म्हणे कीं, मालक मनास येईल तेव्हां दर वाढवितात आणि तो बोजा मला लोकांवर घालावा लागतो. दोघांच्या या भांडणांत घरचा माणूस मुका होता. त्याला हवी असलेली एक वाहिनी घेतां येत नसे आणि नको असलेली टाळतां येत नसे. घेतल्या तर सर्व, नाहींतर एकही नाहीं. जी आजी रात्रीं केवळ मराठी बातम्या पाही तीही परदेशी खेळांच्या वाहिन्यांचा भार उचलीत असे.

हें बदलावें म्हणून कायद्यास हात घालावा लागला. केबल दूरचित्रवाणी जाळ्यांचा कायदा १९९५ साली झाला होता. त्यांत २००२ सालीं दुरुस्ती होऊन पे चॅनल घरच्या पेटींतूनच देण्याची तरतूद करण्यांत आली. ती योजना ‘कॅस’ या नांवानें ओळखली जाते. बऱ्याच वादानंतर ३१ डिसेंबर २००६ पासून ती दक्षिण मुंबईच्या भागांत, तसेंच दिल्ली व कोलकाता यांच्या कांहीं भागांत अंमलांत आली. चेन्नईंत ती आधींच, १ सप्टेंबर २००३ पासून, होती. त्या भागांत निःशुल्क वाहिन्या पूर्वींप्रमाणें मोकळ्या तारेंतून येत व त्यांस महिना ७७ रुपये आणि कर अशी मर्यादा ठरली. पे चॅनल मात्र पेटीशिवाय दिसत नसे, आणि अशा प्रत्येक वाहिनीस कर सोडून महिना ५ रुपयांहून अधिक घेतां येत नसे. दाराचें कुलूप दारावर आल्याबरोबर प्रथमच घरच्या माणसास निवडीचा अधिकार मिळाला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

त्यानंतर २०११ सालच्या दुरुस्तीनें ॲनालॉग केबल सबंध देशांतून टप्प्याटप्प्यानें उठविण्याचें ठरलें. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. नवी मुंबई, ठाणें, पुणें, नाशिक, नागपूर आदि शहरांची ३१ मार्च २०१३. मग उरलीं शहरें. आणि खेड्यापाड्यांचा चौथा व शेवटचा टप्पा ३१ मार्च २०१७ रोजीं संपावयाचा होता. अशा रीतीनें जी पेटी मुंबईच्या एका टोकास प्रथम आली ती दहा वर्षांनीं गांवोगांव पोंचली.

या नव्या पेटींतील कुलूप जुन्यापेक्षां मुळांतच निराळें आहे. आतां चित्र लहरीच्या कमीजास्त जोरानें जात नाहीं. त्याचे शून्य आणि एक असे आंकडे होतात. ते आवळून बसविल्यामुळें जुन्या एका वाहिनीच्या जागेंत आठ-दहा वाहिन्या मावतात. आंकड्यांचें गणित वाटेल तितकें गुंतागुंतीचें करितां येतें आणि उलट गणितानें ते जसेच्या तसे परत मिळतात. डाग पडण्याचें भय नाहीं. म्हणून येथें समास पुसण्याचें कारण उरलें नाहीं. प्रत्येक अक्षरच कुलुपांत घालतां येतें. या कुलुपाची किल्ली साधारण दर दहा सेकंदांस बदलते. ती नवी किल्ली त्याच तारेंतून येते, परंतु स्वतः एका डबींत बंद होऊन. आणि ती डबी उघडण्याचा अधिकार कोणत्या पेटीस आहे हें सांगणारा निरोप निराळा येतो.

प्रत्येक पेटीस स्वतःचा क्रमांक असतो. केंद्रांतील संगणक तारेवरून सारखा पुकारा करीत असतो : अमुक क्रमांकाच्या पेटीनें अमुक वाहिन्या अमुक दिवसापर्यंत उघडाव्या. हा पुकारा सर्वच पेट्यांना ऐकूं येतो. हजेरीच्या वेळीं ज्याचा क्रमांक तोच ‘हजर’ म्हणतो, तशी ज्या पेटीचा क्रमांक असेल तीच तो पाळते. साध्या केबलवर पेटी ऐकूं शकते, पण उलट बोलूं शकत नाहीं. निरोप पोंचला कीं नाहीं हें केंद्रास समजत नाहीं. म्हणून केंद्र तोच निरोप पुनःपुन्हां पाठवितें. पैसे भरल्यावर ‘पेटी चालू ठेवा’ असें केबलवाला सांगतो, त्याचें कारण हेंच. पेटी बंद असतांना पुकारा झाला तर तो तिला ऐकूं येत नाहीं. चित्र लगेच न आल्यास रागावून पेटीचा खटका खालींवर करीत बसण्यापेक्षां ती शांतपणें चालू ठेवणें श्रेयस्कर होय.

येथें पालकांसही एक विनंति आहे. जुन्या मोकळ्या तारेच्या काळीं बिलावर एकच आंकडा असे व त्याविषयीं विचारण्याजोगें कांहीं नसे. आतां प्रत्येक वाहिनीस निराळें कुलूप व निराळा दर आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणें पहिल्या १०० वाहिन्यांच्या वहनासाठीं महिना १३० रुपये व कर अशी कमाल मर्यादा ठरली आणि पे चॅनलांचे दर स्वतंत्र जाहीर झाले. नंतर या नियमांत फेरफार झाले आहेत. पण आपण काय निवडलें आणि कशाचे पैसे भरतों हें पाहण्याचा ग्राहकाचा हक्क कायम आहे. निवड न करितां तयार गठ्ठा घेतल्यास कुलूप घरीं येऊनही उपयोग होत नाहीं. आजी पुन्हां परदेशी खेळांचे पैसे भरूं लागते. तेव्हां महिन्यांतून एकदां आपल्या वाहिन्यांची यादी मुलांकडून वाचून घ्यावी. मुलांनाही हिशेबाचा पाठ होईल.

विद्यार्थ्यांनीं यांतून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली शास्त्राची : जें केवळ झांकलें आहे तें फार दिवस झांकलेलें राहत नाहीं, सुरक्षितपण येतें तें ज्याची रीत सर्वांस माहीत असूनही किल्लीवांचून उघडत नाहीं अशा कुलुपानें. तुम्ही आपल्या संगणकावरचा किंवा मोबाईलवरचा परवलीचा शब्द निवडतां तेव्हां हेंच तत्त्व लागू आहे. ‘च’ची भाषा खेळास ठीक, बँकेच्या खात्यास नव्हे. दुसरी गोष्ट व्यवहाराची : एकाच तारेवर शेंकडों घरें असलीं म्हणजे प्रत्येकाचा हिशेब ज्याच्या त्याच्या दारीं झाला पाहिजे. तो दुसऱ्या कोणाच्या खोलींत झाला तर मालकास संशय राहतो, मध्यस्थास मोह होतो, आणि भार अखेर त्याच्यावर पडतो ज्याला कोणी विचारीत नाहीं. दाबलेल्या तालठोक्यापासून दहा सेकंदांच्या किल्लीपर्यंतचा हा सारा उद्योग कारागिरांनीं केला तो चित्र लपविण्यासाठीं. परंतु त्याचा खरा लाभ झाला तो हा कीं, तारेच्या टोकाशीं असलेलें प्रत्येक घर आतां स्वतंत्रपणें मोजलें जातें आणि त्याला आपली निवड सांगतां येते.